सुपर बुतोदेन २ जड का वाटतो आणि तो खेळायचा कसा

प्रश्न: सुपर निन्टेन्डोवरचा ‘ड्रॅगन बॉल झी: सुपर बुतोदेन २’ एम्युलेटरवर खेळून पाहिला. मेनू फ्रेंचमध्ये होता. हालचाल जड वाटते, स्क्रीन मध्येच दुभंगते आणि समोरच्याने कामेहामेहा, म्हणजे हातांतून सुटणारा ऊर्जेचा किरण, सोडला की तो दर वेळी लागतोच. स्ट्रीट फायटर २ ची सवय असल्यामुळे हा खेळवत नाही. लोक कौतुक करतात ते गेमचं, की लहानपणाचं?

उत्तर: लढतीच्या गेममधल्या हालचाली आणि टकरी बसवणं हेच माझं काम. फटका कधी निघतो, कधी लागतो, चुकला तर किती महागात पडतो, याचे आकडे दिवसभर समोर असतात. त्यामुळे तुमची तक्रार मला अगदी नेमकी कळते. कौतुक गेमचंच आहे, आणि ते रास्त आहे. पण आधी फ्रेंच मेनूचं बघू, कारण निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

तुमच्या हाती लागली ती युरोपातली आवृत्ती, ‘ला लेजांद सायेन’. मूळ गेम जपानमध्ये १७ डिसेंबर १९९३ ला सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे जपानी सुपर निन्टेन्डोवर, आला. बनवला तोसे या कंपनीने, बाजारात आणला बांदाईने. त्या काळी युरोपातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. जपानचे एनटीएससी, ६० वेळा बदलणारे. आणि तेव्हाच्या कन्सोलवर गेमला वेळ कळायचा तोच मुळी टीव्हीच्या चित्रावरून. एका चित्राला पात्र किती पिक्सेल सरकणार, लाथ किती चित्रं हवेत राहणार, मार खाल्ल्यावर किती चित्रं हलता येणार नाही, हे सगळं फ्रेममध्ये, म्हणजे अशा एकेका चित्रात मोजून, लिहिलेलं असायचं. ६० साठी लिहिलेले हे आकडे न बदलता गेम ५० वर चालवला की हालचाल सुमारे १७ टक्क्यांनी मंदावते. बारा फ्रेमची लाथ ०.२० सेकंदाऐवजी ०.२४ सेकंद घेते. आकडा चिमुकला दिसतो, पण लढतीच्या गेममध्ये बोटांना तो पहिल्या मिनिटात जाणवतो. बऱ्याच जपानी गेमच्या युरोपी आवृत्त्यांचं असंच झालं. म्हणून पुन्हा खेळाल तेव्हा जपानी आवृत्तीच घ्या. कथेचा भाग सोडला तर जपानी न वाचता येण्याने लढतीत काही अडत नाही. मेनू दोन दिवसांत तोंडपाठ होतात.

दुसरी गोष्ट तुमच्या घरातली. हल्लीचे मोठे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर बरीच प्रक्रिया करतात. गेम मोड चालू केला नसेल तर बटण दाबल्यापासून पडद्यावर काही दिसेपर्यंत शंभर मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे सहा फ्रेम वाया. रेट्रोआर्क या एम्युलेटरमध्ये हा उशीर कमी करणारी ‘रन-अहेड’ नावाची सोय आहे, ती एक फ्रेमवर ठेवून बघा. आणि कंट्रोलरची अॅनालॉग दांडी वापरू नका, चार दिशांचा डी-पॅडच वापरा. या गेमच्या कमांड, म्हणजे दिशा आणि बटणांचे ठराविक क्रम, त्यासाठीच लिहिल्या आहेत.

एवढं केल्यावर जो जडपणा उरेल, तो मात्र मुद्दाम ठेवलेला आहे, आणि माझ्या मते गेमचा जीव त्यातच आहे.

स्ट्रीट फायटर २ आर्केडमध्ये आला १९९१ मध्ये, सुपर फॅमिकॉमवर १९९२ मध्ये, १६ मेगाबिटच्या म्हणजे २ मेगाबाइटच्या कार्ट्रिजवर. पुढची काही वर्षं लढतीचा गेम म्हणजे त्याचीच आखणी. दोन्ही पात्रं सतत एकाच पडद्यात, अंतर फार तर एका पडद्याएवढं, पाठीला कोपरा, आणि उडी मारली तर खाली यायलाच हवं. त्या आखणीत सगळी लढत अंतराची आहे: दोन पावलं जवळ की दोन पावलं लांब. ती आखणी इतकी भक्कम आहे की तिच्यावर नुसते ड्रॅगन बॉल झीतल्या गोकू आणि वेजिटाचे चेहरे चढवले असते तरी गेम खपला असता. तसे चेहरे चढवलेले गेम त्या दशकात ढिगाने निघाले.

आता ड्रॅगन बॉल झी या जपानी कार्टून मालिकेतली लढत आठवा. दोघं समोरासमोर उभे राहतात, गुरगुरतात, ऊर्जा वाढवतात, दगड हवेत उचलले जातात. मग एकदम नाहीसे होतात आणि आकाशात नुसत्या धडकांचे आवाज. एक फेकला जातो तो तीन डोंगर फोडून पलीकडे. दुसरा तिथून, मैलभर लांबून, दोन्ही हात कमरेशी नेतो. आणि तो किरण निघाल्यापासून पोचेपर्यंत बघणाऱ्यांचे चेहरे, समोरच्याचा विचार, त्याने घेतलेला निर्णय, सगळं दाखवून होतं. आठवड्याला एक भाग आणि मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अजून लिहून व्हायचा, त्यामुळे मालिकेला वेळ ताणावाच लागायचा. नामेक ग्रहाच्या शेवटच्या पाच मिनिटांना किती भाग लागले ते प्रत्येक चाहत्याला ठाऊक आहे. पण ताणलेला वेळ, अफाट अंतर आणि साठवलेली ऊर्जा, या तिन्हींवरच या मालिकेची लढत उभी आहे. स्ट्रीट फायटरच्या आखणीत तिन्हींना जागा नाही.

आधीच्या फॅमिकॉमवर यावर उत्तर काढलं होतं ते पत्त्यांचं. १९९० पासूनच्या झीच्या गेममध्ये लढाई पत्ते निवडून व्हायची. हातातल्या पत्त्यावरचं बळ पाहायचं, निवडायचं आणि मग लढत नुसती बघायची. वेळ आणि अंतर छान दाखवता यायचं, पण बोटांना काही काम नसायचं. २० मार्च १९९३ ला पहिला सुपर बुतोदेन आला तो बोटांना काम द्यायला आणि तरीही डोंगर, आकाश, अंतर न सोडायला. दुसऱ्या भागात ते जमलं.

स्क्रीन दुभंगते ती यासाठी. दोघं जवळ असेपर्यंत पडदा एकच. कुणी लांब उडाला, किंवा एक जमिनीवर आणि दुसरा आकाशात गेला, की मध्ये रेघ येते आणि दोन्ही बाजूंना दोघांचा आपापला देखावा दिसतो. मैदान पडद्यापेक्षा कितीतरी मोठं आहे हे सांगायची याहून सरळ पद्धत नाही. कॅमेरा मागे घेऊन पात्रं लहान करणं हा दुसरा मार्ग होता, पण सुपर फॅमिकॉमचं यंत्र पात्रांच्या स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलणारी त्यांची चित्रं, हव्या तशा लहानमोठ्या करू शकत नाही. ती करामत ते फक्त मोड ७ नावाच्या चित्रपद्धतीत, पार्श्वभूमीच्या थरावर करतं. उलट पार्श्वभूमीचे थर स्वतंत्रपणे सरकवणं आणि पडद्याचा ठराविक भाग झाकून ठेवणं हे त्याच्या हातचं काम. डावीकडे एक थर दाखवायचा, उजवीकडे दुसरा. याची किंमत अशी, की थर असे वाटून टाकले की मागच्या देखाव्यात खोली आणायला फारसं काही उरत नाही. या गेमची मैदानं साधी, जवळजवळ रिकामी दिसतात. मला ती खटकत नाहीत. सेल या खलनायकाशी झालेली लढतही मालिकेत ओसाड माळावरच झाली होती.

हालचाली तुटक वाटतात त्याचंही कारण यंत्रात आहे, आणि ते मी जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या लढतीच्या गेमबद्दलचे बरेच गैरसमज इथून निघतात. या कन्सोलला चित्रांसाठी ६४ किलोबाइटची व्हिडिओ मेमरी. लढवय्याची सगळी चित्रं तिच्यात मावत नाहीत. म्हणून दर नव्या पवित्र्याला कार्ट्रिजमधून त्याचं चित्र व्हिडिओ मेमरीत आणावं लागतं. आणि ते कधीही आणता येत नाही. टीव्हीचा इलेक्ट्रॉन किरण पडदा रंगवून संपवतो आणि परत वर जातो, तेवढ्या क्षणातच ती मेमरी उघडी असते. त्या क्षणात फार तर सुमारे ६ किलोबाइट माल हलवता येतो. आता हिशेब करा. ६४ पिक्सेल रुंद आणि ९६ उंच असा गडी, एका पिक्सेलला अर्धा बाइट, म्हणजे त्याच्या एका चित्राला ३ किलोबाइट. दोघांची चित्रं एकाच वेळी बदलली तर ६ किलोबाइट. संपलं. किरण, धूर, धडकेची ठिणगी, यांना काहीच उरलं नाही. म्हणून अशा गेममध्ये एका फ्रेमला एकाचं चित्र बदलायचं, पुढच्या फ्रेमला दुसऱ्याचं, आणि एक पवित्रा चारपाच फ्रेम तसाच धरून ठेवायचा, अशा युक्त्या कराव्या लागतात. आम्ही आज गिगाबाइटमध्ये काम करतो, पण चांगला पवित्रा कोणता आणि तो किती वेळ धरायचा हे शिकायला मी आजही नवशिक्यांना या काळच्या गेमसमोर बसवतो.

सुदैवाने टीव्हीवरच्या ॲनिमेचं रंगकाम या यंत्राला अगदी सोयीचं होतं. पारदर्शक सेल्युलॉइडवर रंगवलेल्या चित्रात अंगाला एक रंग आणि सावलीचा एक गडद रंग, मध्ये धूसर छटा नाहीत. काळी बाह्यरेषा. गोकूच्या मुलाचा, गोहानचा, पोशाख, कातडी, केस, बूट, सगळ्यांच्या दोन-दोन छटा धरल्या तरी दहाबारा रंगांत काम होतं, आणि स्प्राइटला मिळतात १५. खऱ्या माणसांचे फोटो घेऊन बनवलेले त्या काळचे लढतीचे गेम आज डोळ्यांना खुपतात. सुपर बुतोदेन २ मधला सुपर सायन गोहान आजही मालिकेतल्या गोहानसारखाच दिसतो.

आता ऊर्जेकडे येऊ. पडद्यावर जिवाची पट्टी आणि तिच्या जोडीला ऊर्जेची पट्टी असते. वाय आणि बी एकत्र दाबून धरले की पात्र थांबून ऊर्जा साठवतं, अगदी मालिकेत करतात तसं. छोटे गोळे, मोठे किरण, सगळ्याला ऊर्जा लागते. ती पार तळाला जाऊ दिली की गडी दमतो आणि त्या अवस्थेत फुकटचा मार खातो. साठवताना तुम्ही उघडे असता. म्हणजे साठवायचं तर आधी अंतर मिळवायला हवं, आणि अंतर मिळवायचं तर समोरच्याला फटका मारून लांब फेकायला हवं किंवा स्वतः उडून जायला हवं. झालं, मालिकेतली लढत तयार: जवळ भिडणं, फेकणं, दूर जाणं, साठवणं, किरण सोडणं, पुन्हा भिडणं. हा क्रम कुणी सांगितलेला नाही. नियमच असे आहेत की दोन जाणकार खेळायला बसले की तो आपोआप घडतो. माझ्या धंद्यात याहून मोठं कौतुक मी करू शकत नाही.

आणि कामेहामेहा. तो तुम्हाला ‘दर वेळी लागतो’, कारण तुम्ही त्याच्याकडे स्ट्रीट फायटरच्या हादोकेनसारखं बघताय. हादोकेन पडद्यावर सरकत येतो आणि तुम्ही उडी मारून किंवा अडवून मोकळे होता. इथे तसं नाही. दोघं लांब असताना समोरच्याने महाहल्ल्याची कमांड पूर्ण केली की लढत थबकते. तो पवित्रा घेतो, हातात प्रकाश गोळा होतो, किरण सुटतो, आणि मग दृश्य तुमच्याकडे वळतं. किरण अजून पोचलेला नाही. बहुतेक नवखे इथे मालिकेतला प्रसंग बघितल्यासारखा बघत बसतात, आणि किरण येऊन आदळतो. पण कंट्रोलर या सगळ्या वेळात जिवंत असतो. तुम्ही मागची दिशा धरून किरण अंगावर झेलू शकता, मार बसेल पण कमी. कमांड टाकून तो परतवून बाजूला भिरकावू शकता. किंवा स्वतःच्या महाहल्ल्याची कमांड त्याच क्षणांत पूर्ण करून उलट किरण सोडू शकता, आणि मग दोन्ही किरण मध्ये भिडून रस्सीखेच सुरू होते.

या दोन-तीन सेकंदांत काय चालतं ते बघा. घाई नाही, कमांड टाकायला वेळ भरपूर आहे. पण ऊर्जा किती उरली आहे? उलट किरण सोडला आणि हरलो तर? परतवायची कमांड दडपणाखाली चुकली तर साधं अडवणंही हातचं जाईल. मालिकेत त्या क्षणी पात्राच्या मनात जे चालतं तेच खेळणाऱ्याच्या मनात चालतं. लढतीचा गेम सहसा खेळणाऱ्याला विचार करायला वेळ देत नाही. या गेमने वेळ दिला, आणि त्या वेळेलाच ताण बनवलं. स्ट्रीट फायटरच्या तुलनेत तो मंद आहे हे खरं, पण ती मंदगती अशा ठिकाणी खर्ची पडली आहे जिथे मालिकाही मंद होते.

कथेच्या बाबतीत आणखी एक धाडस त्यांनी केलं. नायक गोकू नाही, गोहान आहे. १९९३ मध्ये टीव्हीवर सेलची लढाई झाली, मार्चमध्ये ब्रोलीचा चित्रपट आला आणि जुलैत बोजॅकचा. हे सगळं ताजं ताजं डिसेंबरच्या गेममध्ये उतरलं. समोर दिसणारी पात्रं आठ: गोहान, पिकोलो, वेजिटा, ट्रंक्स, सेल, सेल ज्युनिअर, झांग्या आणि बोजॅक. गोकू आणि ब्रोली लपवून ठेवलेले. सुरुवातीच्या दृश्यात वर, एक्स, खाली, बी, एल, वाय, आर, ए अशी बटणं दाबली की ते खुले होतात. पहिल्या भागात गोकू होता, खपलाही होता, तरी सेलच्या लढाईनंतर तो जिवंत नाही म्हणून त्याला दाराआड ठेवायचं, हे मालिकेवर खरं प्रेम असलेल्या माणसांनाच सुचतं. कथेचे फाटेही हार-जितीवर बदलतात. हरलं म्हणजे प्रत्येक वेळी खेळ संपला असं होत नाही. काही ठिकाणी गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे जाते.

संगीत केन्जी यामामोतो यांचं. आवाजाच्या चिपला स्वतःची मेमरी ६४ किलोबाइट, वाजवता येणारे आवाज एका वेळी आठ. त्यात वाद्यांचे नमुने, संगीताची माहिती आणि पात्रांच्या आरोळ्या, सगळं कोंबायचं. साध्या दर्जाची एक सेकंदाची आरोळीसुद्धा साडेचार किलोबाइट खाते. त्यामुळे आरोळ्या खरखरीत आणि तोकड्या वाटल्या तर आश्चर्य नको. पण पात्रांच्या धुनी ऐका. हेडफोन लावून, लढत बाजूला ठेवून ऐकण्यासारख्या आहेत.

उणिवा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. जवळची हातघाई उथळ आहे. एका फटक्याला दुसरा जोडण्याचे मार्ग थोडे, त्यामुळे स्ट्रीट फायटर २ मध्ये वर्षानुवर्षं सापडत राहतं तसं इथे सापडत नाही. पात्रांचा तोल सारखा नाही. एम्युलेटरवर संगणकाशी खेळलात तर संगणक तुमच्या हालचालीला माणसाला शक्य नाही इतक्या झटपट उत्तर देतो असं वाटेल, आणि त्यात मजा नाही. हा गेम शेजारी बसलेल्या माणसाशी खेळायचा आहे. स्पर्धा भरवायच्या असतील तर पात्रांचा अचूक समतोल इथे शोधू नका. मालिकेची लढत हातात हवी असेल तर त्या काळात याच्या तोडीचं काही नव्हतं.

याच काळातले दुसरे गेम पाहिले की ही निवड किती विचारपूर्वक होती ते कळतं. सुपर बुतोदेन ३ आला २९ सप्टेंबर १९९४ ला. हाताळायला तो थोडा सफाईदार, पण कथा पार काढून टाकलेली. मला तो अर्धवट वाटतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, सेगाच्या मेगा ड्राइव्हवर ‘यू यू हाकुशो: माक्यो तोइत्सुसेन’ आला, ट्रेझर या कंपनीचा. त्यांनी वेगळा प्रश्न घेतला. यू यू हाकुशो या दुसऱ्या मालिकेत टोळ्या भिडतात, म्हणून त्यांनी चौघांना एकाच वेळी पडद्यावर उतरवलं आणि जमीन पुढची-मागची अशा दोन पट्ट्यांत विभागली. अडचण आली की पट्टी बदलून सटकायचं. अकरा पात्रं, मेगा ड्राइव्हचे मोजके रंग, तरी चार गडी एकदम धावत असतात आणि गेम अडखळत नाही. प्रोग्रामर म्हणून मला या दोहोंत तोच जास्त थक्क करतो. ब्राझीलमध्ये टेकटॉयने तो १९९९ मध्ये पोर्तुगीजमध्ये काढला, म्हणजे यंत्र म्हातारं झाल्यावर, आणि तिथल्या लोकांनी तो उचलून धरला. ट्रेझरने पट्ट्यांची तीच कल्पना पुढे १९९६ च्या ‘गार्डियन हीरोज’मध्ये फुलवली.

१९९४ च्याच डिसेंबरात ‘सेलर मून एस’चा लढतीचा गेम आला, आर्क सिस्टिम वर्क्सने बनवलेला. पात्राचे गुण आकड्यांत वाटून घ्यायची सोय त्यात आहे आणि लढतही चिवट आहे. मुलींच्या मालिकेचा गेम म्हणून बाजूला ठेवू नका. त्याच कंपनीने २०१८ मध्ये ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’ बनवला.

आणि मार्च १९९६ चा ‘हायपर डायमेन्शन’. पुन्हा तोसे, पुन्हा सुपर फॅमिकॉम, पण कार्ट्रिजमध्ये एसए-१ नावाचा जादा प्रोसेसर बसवलेला, मूळ प्रोसेसरच्या जवळपास तिप्पट वेगाचा. पात्रं मोठी, रेखाटन देखणं, हातघाई खरोखर खोल. जीव आणि ऊर्जा एकाच साठ्यातून जातात, त्यामुळे किरण सोडणं म्हणजे स्वतःचं रक्त खर्च करणं. स्क्रीन दुभंगणं इथे बंद. त्याऐवजी फटका मारून समोरच्याला दुसऱ्या पातळीवर भिरकावता येतं. लढतीचा गेम म्हणून मी हायपर डायमेन्शनला वर ठेवेन. ड्रॅगन बॉलचा गेम म्हणून मात्र अजूनही सुपर बुतोदेन २. आणि हायपर डायमेन्शनही जपानीच घ्या. युरोपातल्या आवृत्तीतून कथेचा भाग काढून टाकला आहे.

आता सराव. वाय हाताचा फटका, बी लाथ, ए ऊर्जेचा गोळा, एक्स उडणं-उतरणं, एल आणि आर झेप. पहिल्या बैठकीला गोहान घ्या आणि हल्ला विसरून फक्त जागा बदला: उडा, उतरा, एलने मागे झेपा, रेघ आली की वाय-बी धरून साठवा, समोरचा झेपावला की लगेच सोडा. किती धरलं की किती भरतं हे बोटांना कळू द्या. मग एखाद्या मित्राला बसवा आणि एकच काम द्या: लांबून महाहल्ला सोडत राहायचा. तुम्ही आधी फक्त अडवा. अडवणं पक्कं झालं की परतवणं. उलट किरण सगळ्यात शेवटी. दृश्य तुमच्याकडे वळायच्या आधीच, समोरचा पवित्रा घेतो त्या क्षणी, काय करायचं ते ठरवून टाका. कमांड टाकताना दिशा स्वच्छ फिरवा, बटण शेवटी. जोराने दाबून उपयोग नाही. दोघांनाही परतवणं येऊ लागलं की लांबून नुसते किरण सोडणं परवडत नाही, आणि मग आधी फटका मारून, लोळवून, समोरच्याची ऊर्जा खाली आणून किरण सोडण्याची वेळ येते. तुम्हाला जो गेम जड वाटला तो खरा तिथून सुरू होतो.

खऱ्या यंत्रावर खेळायची हौस आलीच तर आपल्याकडे थोडी काळजी घ्यावी लागते. भारतात ही मालिका कार्टून नेटवर्कवर आली २००० नंतरच्या वर्षांत. सुपर फॅमिकॉमच्या काळात आपल्या बाजारात दिसायचे ते टीव्ही गेम, म्हणजे आधीच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यामुळे यंत्र आणि कार्ट्रिज दोन्ही जपानमधून, वापरलेलं, मागवावं लागतं. जपानी अॅडॅप्टर १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, मधलं टोक ऋण असलेला योग्य पुरवठा एखाद्या जाणकाराकडून करून घ्या. ध्रुव उलटा लागता कामा नये. जुन्या पाल टीव्हीवर चित्र काळंपांढरं आलं तर यंत्र बिघडलेलं नाही, त्या टीव्हीला एनटीएससीचे रंग कळत नाहीत इतकंच. अमेरिकी सुपर निन्टेन्डो हाताशी असेल तर जपानी कार्ट्रिज त्यावर चालते, फक्त खाचेतले दोन प्लास्टिकचे अडथळे आड येतात. कार्ट्रिज सुरू होत नसेल तर तोंडाने फुंकू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने संपर्काच्या पट्ट्या पुसा आणि वाळू द्या.

विकत घेऊन डाउनलोड करायची सरळ सोय आज नाही. परवान्यांमुळे हे गेम अधूनमधून, प्रसंगापुरतेच बाहेर येतात. २०१५ मध्ये निन्टेन्डो ३डीएसवरच्या ‘एक्स्ट्रीम बुतोदेन’च्या जपानी पहिल्या खेपेसोबत सुपर बुतोदेन २ भेट म्हणून मिळाला होता, आणि ३डीएसचं दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झालं. वापरलेली जपानी कार्ट्रिज मात्र अजून मिळते. ती घेतलीत तर कार्ट्रिज वाचणारं यंत्र संगणकाला लावून स्वतःच्या प्रतीवरून फाइल काढता येते, आणि तीच ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांनी, चालवा.